अर्धी गाडी काट्यावर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मोठ्या बहिणीचे, शालूताईचे आहेत. तिच्यामुळे मी शिकलो. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेला मी पहिला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत ताई फारशी दिसणार नाही. त्या दुपारी ती कुही तालुक्यात आपल्या सासरी वाळवणं घालत असेल, आणि मी नागपूरच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर एका भरलेल्या ट्रकपाशी उभा होतो. हातात पेन होतं आणि सही होत नव्हती.

"करा ना जी सही," गुलाबभाऊ खिडकीतून म्हणाले. "ऊन डोक्यावर आलं. मले घाट उजेडात चढायचा आहे."

गुलाबभाऊ आमचे ड्रायव्हर. राहणारे कन्हानचे. डोक्याला दुपट्टा, तोंडात सुपारी, आणि गाडीबद्दल बोलताना असं बोलणार की ऐकणाऱ्याला वाटावं घरच्या गाईबद्दलच बोलताहेत.

आमची कंपनी राइस मिल आणि दाल मिलची मशिनरी बनवते. मी तिथे डिस्पॅच ऑफिसर. नाव मोठं आहे, काम सांगायला सोपं. माल भरलेला ट्रक रस्त्यावर निघण्याआधी त्याचं वजन बरोबर आहे की नाही हे बघायचं आणि लोड स्लिपवर सही करायची. लोड स्लिप म्हणजे गाडी रस्त्यावर जायला योग्य आहे असं सांगणारा कागद. त्यावर माझी सही असल्याशिवाय वॉचमन गेट उघडत नाही.

वजन करायला गेटजवळ आमचा स्वतःचा काटा आहे. जमिनीत बसवलेली लोखंडी फळी, तिच्यावर अख्खा ट्रक उभा राहतो आणि शेजारच्या केबिनमध्ये आकडा येतो. आधी रिकामी गाडी तोलायची, तिला टेअर म्हणतात. मग भरलेली तोलायची, तो ग्रॉस. ग्रॉसमधून टेअर वजा केला की माल किती ते कळतं. आणि ग्रॉस आरसी बुकातल्या मर्यादेच्या आत असला की गाडी पास. इतकंच. मला नोकरी लागून थोडेच महिने झाले होते, मी प्रोबेशनवर होतो, आणि हे इतकंच काम मी मन लावून करत होतो.

त्या दिवशी गाडीत दोन गिऱ्हाइकांचा माल होता. दोन्ही छिंदवाडा रोडवरचे. पहिलं गिऱ्हाईक घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या उमरानाल्याचं. त्यांचा माल म्हणजे ओतीव लोखंडाचे बेड आणि रोलर. बेड म्हणजे ज्यावर मशीन बसते तो पाया. एक बेड हलवायचा तर आमच्या यार्डातल्या क्रेनलाही दम लागतो. दुसरं गिऱ्हाईक पुढे छिंदवाड्याचं. त्यांच्या मालात होते पत्र्याचे हॉपर आणि चाळण्या. हॉपर म्हणजे धान ओतायचं मोठं नसराळं. जागा भरपूर खातं, वजनाला काहीच नाही.

माल भरायचा आमच्याकडे एक ठरलेला रिवाज. जो माल शेवटी उतरणार तो आधी चढवायचा, आणि जो पहिल्यांदा उतरणार तो सगळ्यात मागे, फाळक्याजवळ ठेवायचा. फाळका म्हणजे ट्रकचं मागचं उघडणारं दार. हा रिवाज शहाणपणाचाच आहे. नाही तर पहिल्या गावी पोचल्यावर अर्धी गाडी रिकामी करत बसावं लागेल. हमालांनी तो पाळला. हॉपर पुढे, ड्रायव्हरच्या केबिनला टेकून. लोखंड सगळं मागे. गाडी काट्यावर गेली, ग्रॉस मर्यादेच्या बराच आत आला. काट्यावरच्या चकोले काकांनी पावती फाडली. मी स्लिप पॅडवर ठेवली, पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात गुलाबभाऊ खुशीत म्हणाले, "साहेब, आज गाडी का मस्त चालून राहिली! स्टेअरिंग तं लोण्यावाणी फिरते. एका बोटानं वळवली मी काट्यावरून."

पेन तिथेच थांबलं.

मी शाळेत असताना आमच्या घरी बंडी होती, बैलांची. बाबांची कंबर गेलेली, म्हणून शेतीचं सगळं ताईच्या अंगावर. सातवीनंतर तिनं शाळा सोडली. मले शाळा आवडतच नव्हती, असं ती अजून म्हणते. खोटं बोलते. धानाची पोती बंडीत भरून ती स्वतः कुहीच्या मिलवर न्यायची. एकदा मी मोठेपणा करायला एकट्यानंच पोती भरली, जवळ पडतं म्हणून सगळी मागच्या बाजूला. वर मीही मागेच बसलो. ताईनं बैल हाकले तसं पुढचं जू वर उचललं गेलं, बैलांच्या गळ्याचे पट्टे ताणले गेले, आणि त्यांचे पुढचे पाय जमिनीवर नुसते टेकल्यासारखे झाले. वळणावर बैल एकीकडे बघत होते आणि बंडी दुसरीकडे चालली होती.

"बंडी उलाळ केली ना बे तू!" ताई ओरडली होती. "बैलाइले जमीनच सापडून नाई राहिली, वळतील कायच्या भरोशावर?" तिनं चार पोती ओढून पुढे घेतली, मला मागून उठवून पुढे बसवलं, आणि स्वतः खाली उतरून चालू लागली. जू बसलं. बैल वळले.

ट्रकला बैल नसतात, पण पुढची दोन चाकं असतात. गाडी वळते ती त्यांच्या जोरावर. त्यांच्यावर भार असला तरच ती रस्ता धरतात. स्टेअरिंग लोण्यासारखं फिरतंय याचा अर्थ गाडी मस्त आहे असा नव्हता. पुढच्या चाकांना जमीन सापडत नव्हती. सपाट यार्डात ही अवस्था, तर सिल्लेवानीच्या घाटात, चढावर, जिथे माल आणखी मागे रेलतो तिथे काय होईल? गुलाबभाऊ वळवतील एकीकडे आणि गाडी जाईल दरीकडे.

मी स्लिप घडी करून खिशात ठेवली. "भाऊ, इंजिन बंद करा."

"काहून गा?" साहेबावरून मी एकदम 'गा'वर आलो.

"सही नाही करत मी."

बातमी डिस्पॅच मॅनेजर पाठक साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पाठक साहेब धरमपेठेतले, जुन्या नागपुरी घरातले. शिस्तीचा माणूस. मला मुलाखतीत त्यांनीच घेतलं होतं. ते कूलरची हवा सोडून भर उन्हात गेटवर आले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"काय अडचण आहे?"

"साहेब, लोड मागे आहे सगळा. पुढची चाकं हलकी झालीत."

"पावती दाखव." त्यांनी पावती बघितली. "ग्रॉस मर्यादेत आहे?"

"आहे साहेब."

"मग?"

"एकूण वजन बरोबर आहे, साहेब. ते कोणत्या चाकांवर आहे हे पावती सांगत नाही."

"हे बघ," साहेब शांतपणे म्हणाले, आणि ते शांत झाले की यार्डातले सगळे गप्प होतात. "उमरानाल्याला उद्या सकाळी मिलचा मुहूर्त आहे. पूजा आहे, त्यांचे सोयरे जमलेत, क्रेन भाड्यानं सांगून ठेवली आहे. बेड पोचला नाही तर पूजा कशाची करतील? नारळ कुठे फोडतील, माझ्या डोक्यावर? या गिऱ्हाइकासाठी मी दोन वर्षं त्यांच्या दारी चकरा मारल्यात. तू प्रोबेशनवर आहेस. तुला काय वाटतं यावर मी गाडी थांबवू?"

"वाटण्यावर नको साहेब. मोजून बघू."

"मोजलंय की!"

"अर्धी गाडी मोजू. फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊ."

काट्याच्या केबिनमधून चकोले काका हसले. "अर्धी गाडी? भाऊ, पंगतीत अर्धा पाहुणा बसवते का कोणी? काट्यावर चढली तं पुरी चढते."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ठीक आहे. बघ अर्धी गाडी. पण त्यातून काही निघालं नाही, तर उशिराची जबाबदारी तुझी, आणि उद्यापासून तुला यायची गरज नाही. चालेल?"

माझ्या घरी तेव्हा पगार पहिल्यांदाच दर महिन्याला येऊ लागला होता. ताईला मी फोनवर सांगितलं होतं की आता काळजी करू नको, नोकरी पक्की होईल. तरी म्हणालो, "चालेल साहेब."

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. नुसती पुढची चाकं तोलून आकडा आला, तरी तो कमी की जास्त हे सांगणार कसं? तुलनेला काहीतरी हवं. यार्डात त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी होती, पूर्ण रिकामी. मी ती आधी मागवली. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर. आमचा काटा जमिनीच्या बरोबरीत आहे म्हणून हे जमतं. चढाचा काटा असता तर गाडी तिरकी राहून आकडा फसवा आला असता.

"रिकाम्या गाडीचं काय मोजून राहिला हा?" गुलाबभाऊ मागे कुणाला तरी म्हणत होते. "उद्या म्हणन, साहेबाची खुर्ची आणा काट्यावर."

चकोले काकांनी रिकाम्या गाडीच्या पुढच्या चाकांचा आकडा खडूनं केबिनच्या पाटीवर लिहिला. ती गाडी हटली. मग गुलाबभाऊंनी भरलेली गाडी आणली. हळूहळू पुढची चाकं फळीवर आली. मी हात वर केला. गाडी थांबली.

यार्डातले सगळे खिडकीपाशी गोळा झाले होते. भरलेल्या गाडीचा आकडा जास्त येणार हे कुणीही सांगितलं असतं. इतकं लोखंड भरलंय, येणार नाही तर काय? मला भीती होती ती हीच, की थोडासा जास्त येईल आणि साहेब म्हणतील, बघ, आहे की भार.

आकडा स्थिर झाला. चकोले काका वाकले. चष्मा पुसला. पुन्हा वाकले.

"साहेब," ते म्हणाले, "हे तं कमी आहे."

"कशापेक्षा कमी?"

"रिकाम्या गाडीपेक्षा."

भरलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर रिकाम्या ट्रकपेक्षाही कमी भार होता. लोखंड मागच्या चाकांच्याही मागे लटकलं होतं, आणि त्यानं गाडीचं नाक वर उचललं होतं. अगदी बंडीसारखं. पाठक साहेबांनी स्वतः खिडकीतून डोकं आत घालून आकडा बघितला. मग एकूण वजनातून तो वजा करून मागच्या एक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या दांड्यावर, किती भार आहे ते तोंडीच काढलं. तो कायद्यानं त्या एक्सलला चालतो त्यापेक्षा बराच जास्त होता. एकूण वजन पास, गाडी नापास.

गुलाबभाऊ खाली उतरले. पुढच्या चाकाला हात लावून उभे राहिले. "आन् मी म्हणून राहिलो होतो का मस्त चालते," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून मोठ्यानं, "साहेब, तुमचं म्हणणं बरोबर निघालं जी!"

साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. "आता सांग, करायचं काय? मुहूर्त तर हलत नाही."

माझ्या मनात तेच चाललं होतं. लोखंड पुढे घ्यायचं, तर उमरानाल्याला ते काढताना आधी मागचे हॉपर उतरवावे लागतील. त्यात त्यांची सकाळ जाईल. रिवाज मोडायचा तर गिऱ्हाइकाचा खोळंबा, पाळायचा तर घाट. तेव्हा साहेबांचंच एक वाक्य आठवलं. मी म्हणालो, "साहेब, त्यांनी क्रेन भाड्यानं सांगितली आहे म्हणालात ना?"

"हो, बेड काय हातानं उतरवणार?"

"मग फाळक्याचं काय काम, साहेब? आपली गाडी वरून उघडी आहे. क्रेन तर वरूनच उचलते."

शेवटचं आधी आणि पहिलं शेवटी, हा रिवाज पाठीवर माल वाहणाऱ्या हमालांच्या सोयीचा. त्यांना फाळक्यातूनच ये-जा करावी लागते. क्रेनला फाळका लागत नाही. पण हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी तिथूनच उमरानाल्याला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला, "क्रेन पक्की है साहब, पूजा के पहले हाज़िर।" साहेबांनी फोन खिशात टाकला आणि ओरडले, "फाळका खोला!"

हमालांनी कुरकुर केली. मुकादम म्हणाला, "भरलेला माल काढून पुन्हा भरायचा म्हणजे जेवलेलं जेवण पुन्हा जेवायचं." साहेबांनी स्वतःच्या केबिनमधून थंड पाण्याचा माठ बाहेर आणून ठेवायला लावला, तेव्हा कुरकुर थांबली. बेड गाडीच्या मधोमध तळाला, मागच्या चाकांच्या पुढे. रोलर त्यांच्या कडेला, पाचर मारून. हॉपर थोडे केबिनकडे, उरलेले मागे. लोखंड वरून पूर्ण उघडं. दोरखंड आवळले.

पुन्हा काटा. पुन्हा अर्धी गाडी. या वेळी चकोले काकांनी न सांगताच हात दाखवून गुलाबभाऊंना अर्ध्यावर थांबवलं. आकडा बघून पाटीवर लिहिला आणि खाली खडूनं एक जाड रेघ मारली. दोन्ही एक्सल मर्यादेत.

मी खिशातली स्लिप काढली, घड्या सरळ केल्या आणि सही केली. इतकी ठळक सही मी बी.कॉम.च्या पेपरवरही केली नव्हती.

ऊन उतरता उतरता गुलाबभाऊंचा फोन आला. मी गेटवरच होतो. साहेबही घरी गेले नव्हते.

"घाट चढलो जी."

"गाडी कशी आहे?"

"लय जड आहे बापा स्टेअरिंग! हात भरून आले." ते खो खो हसले. "एका वळणावर समोरून बस आली साहेब, आंगावर. मले एकदम काठाले घ्या लागली. चाक वळवलं तं गाडी तिथंच वळली, जिथं मी म्हटलं. दुपारवाणी असती नं... जाऊ द्या. तुमचं जेवण झालं का?"

मी फोन साहेबांकडे दिला. ते ऐकत राहिले, "हं" म्हणाले, आणि फोन मला परत देताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मुहूर्त वेळेवर झाला. पूजेचा फोटो दुसऱ्या दिवशी साहेबांच्या फोनवर आला. बेडवर हळदकुंकू, फुलांची माळ, आणि बाजूला दुपट्टा बांधलेले गुलाबभाऊ, नारळ हातात घेऊन, जसे काही मिल त्यांचीच. साहेबांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक गाडी आधी अर्धी तोलायची. मग पूर्ण." तेवढंच. माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र पुढच्या पगाराबरोबर मिळालं.

आता आमच्या यार्डात हे रोजचं झालंय. नवा ड्रायव्हर आला की चकोले काका त्याला ऐकवतात, "आमच्याकडे पाहुणा आधी अर्धाच बसवते." मी यातून शिकलो ते एवढंच. वजन किती, हा अर्धा प्रश्न आहे. ते कुठे, हा उरलेला अर्धा. आणि गाडी फारच हलकी चालते असं कुणी खुशीनं सांगितलं, तर सहीआधी खाली उतरून एकदा बघावं.

ताईला हे फोनवर सांगता आलं नाही. ती फोन स्पीकरवर ठेवते, घरभर ऐकू जातं, आणि जेवला का, भाजी कोणती, यातच वेळ संपतो. मी कॉलेजात असताना ती मला होस्टेलवर पत्र लिहायची, सातवीच्या अक्षरात. म्हणून मीही पत्रच लिहिलं, घरच्या बोलीत.

"ताई, पाया पडतो.

मी मजेत आहे. नोकरी पक्की झाली. सोबत पेढ्याचा डबा पाठवून राहिलो, पहिला पेढा तू खाजो, मंग बाकीच्याइले देजो. तुह्यी सवय मले माहीत आहे, सगळ्याइले वाटून डब्बा धुऊन ठेवशील.

नोकरी कशी पक्की झाली ते सांगतो. एक ट्रक उलाळ झाला होता, वं ताई. एवढा मोठा ट्रक, आन् आपल्या बंडीवाणी नाक वर. कोणाले दिसलं नाई. मले दिसलं, काहून का तू मले एकदा धानाच्या पोत्यांवरून शिव्या दिल्या होत्या. ड्रायव्हर सुखरूप घाट चढला. कन्हानचा आहे, त्याले दोन पोरी आहेत. त्याइचा बाप घरी पोचला, हे तुह्या शिव्यांमुळं.

साहेबानं मले विचारलं, हे कोणत्या पुस्तकात वाचलं? मी सांगितलं, बहिणीनं शिकवलं. ते म्हणाले, त्या काय करतात? मी म्हटलं, शेती करते, आन् लहानपणी मले हाकत होती.

एक गोष्ट तेव्हा समजली नव्हती, आता समजली. त्या दिवशी बंडी सरळ करायले तू पोती पुढे घेतली, मले पुढे बसवलं, आन् तू उतरून कुहीपर्यंत पायी चालली. मी वर बसून गाणे म्हणत होतो. शाळेचंही तू तसंच केलं. मले पुढे बसवलं, आन् तू खाली उतरली.

वाळवणं झाले का नागपूरले ये. गुलाबभाऊ म्हणतात, ताईले माह्या ट्रकमध्ये बसवून घाट दाखवीन. मी त्याइले सांगून ठेवलं आहे, केबिनमध्ये पुढची जागा ताईची. मी मागे बसतो, हॉपरपाशी. वजन बरोबर येते, मी मोजून पाहिलं.

तुह्या पम्या."